मीरा रोड ते सोपारा, राजूच्या मागून

मीरा रोड

मीरा रोडहून नालासोपाऱ्याला गाडीने अर्धा तासही लागत नाही. ‘त्याचं कसलं प्रवासवर्णन लिहिताय, कांबळे?’ असं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात विचारलं. ते स्वतः काश्मीरला जाऊन आलेत आणि बोलण्यात शिकारा आणल्याशिवाय ते पाण्याच्या टाकीचा विषयसुद्धा काढत नाहीत. मी म्हटलं, ‘साहेब, तुम्ही गेलात केशर आणायला. मी गेलो होतो मुलगा परत आणायला.’ मी एवढं तोडून बोलायला नको होतं, पण लिहायचं पक्कं ठरलं ते तेव्हाच.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आधी सगळं सांगून टाकतो. माझा मुलगा राजू. डिप्लोमा केलेला, भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याची आई सुमन किडनीच्या आजाराने गेली आणि त्यानंतर महिन्याभरात तो आमच्या विहारातल्या मुलांबरोबर श्रामणेर शिबिराला गेला. आमच्यात ही पद्धत आहे. मुलगे डोकं भादरून दहा दिवस चीवर अंगावर घेतात, सगळे नियम पाळतात, अकराव्या दिवशी पुन्हा पँट-शर्टात येतात आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर मटणाची चौकशी करतात. अकराव्या दिवशी सगळी मुलं आली, राजू आला नाही. अजून थोडे दिवस राहतो म्हणाला. त्या थोड्या दिवसांना दीड वर्ष झालं होतं.

आता चौऱ्याण्णव सालच्या माघ पौर्णिमेला, सोपाऱ्याच्या स्तूपापाशी, त्याला उपसंपदा द्यायचं ठरलं होतं. म्हणजे श्रामणेराचा पक्का भिक्खू. पण त्याआधी भिक्खुसंघ एक प्रश्न विचारतो: आईवडिलांची अनुज्ञा आहे का? नसेल तर उपसंपदा होत नाही. नियम खुद्द भगवंतांच्या काळचा आहे, त्यात कुणाचा वशिला चालत नाही. सुमन नव्हती, तेव्हा सगळं माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. राजूच्या गुरूंनी, नागपूरकडच्या एका म्हाताऱ्या भंतेंनी, निरोप पाठवला की आम्ही पायी चारिका करत सोपाऱ्याला जाणार आहोत, वाटेत मीरा रोड लागेल, तुम्ही सोबत चला आणि मग काय ते सांगा. मी कचेरीत रजा टाकली. ‘नाही’ म्हणायचं हे मी निघण्याआधीच नक्की केलं होतं.

आमचा विहार म्हणजे बिल्डिंगांच्या मागे, गवताळ मोकळ्या प्लॉटवर उभी केलेली पत्र्याची शेड. सकाळी तिथे पोचलो तर भंते आणि राजू चटईवर बसलेले होते. राजू वाळला होता. डोकं तुळतुळीत, कान सुमनसारखे बाहेर आलेले. केसांमुळे ते कधी दिसले नव्हते. मी सवयीने म्हटलं, ‘काय रे राजू, जेवतोस की नाही?’

मागून गायकवाडबाई कुजबुजल्या, ‘कांबळेभाऊ, भंतेजी म्हणा. आणि आधी वंदन.’

गायकवाडबाई आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात आणि महिला मंडळ चालवतात. सुमनच्या आजारपणात रात्रीच्या पाळीला हॉस्पिटलमध्ये त्याच बसायच्या, ते उपकार मी विसरणार नाही. पण शीलाच्या बाबतीत बाई भलत्या कडक. पंचशील म्हणताना कुणी एक अक्षर गाळलं तर मान वळवून बघतात. त्याही चारिकेला निघाल्या होत्या, पांढरी साडी, पायात कापडी बूट आणि पिशवीत इलेक्ट्रालची पाकिटं घेऊन.

मी भंतेंना वंदन केलं. राजूसमोर हात जोडले, पण गुडघे वाकले नाहीत. बापाने मुलाच्या पायाशी वाकायचं आणि मुलाने बापाला नमस्कारसुद्धा करायचा नाही, हे पुस्तकात वाचायला सोपं आहे. राजू म्हणाला, ‘सुखी व्हा, उपासक.’ बाबा हा शब्द त्याने दीड वर्षापूर्वीच सोडला होता. त्याला एक सुंदर पाली नाव मिळालंय, पण ते माझ्या तोंडी बसत नाही, म्हणून इथे मी राजूच लिहितोय. वाचकांनी आणि गायकवाडबाईंनी सांभाळून घ्यावं.

राई

सोपारा उत्तरेला, पण आम्ही आधी पश्चिमेला निघालो. राई गावाच्या बाजूला आमच्या लोकांची चार घरं आहेत, त्यांनी मुक्कामाला बोलावलं होतं. भाईंदरचं फाटक ओलांडून पुढे गेलं की दुकानांची गर्दी सरते आणि मिठागरं लागतात. माघात मीठ पिकायला लागलेलं असतं. खाचरांतून पाणी चकाकत होतं, बांधावर मिठाचे ढीग आणि त्यांवर झाकायला गवत. राजू भंतेंच्या मागे, मी राजूच्या मागे, बाई बऱ्याच मागे. नजर पुढे चार हातांवर ठेवून चालायचं, बोलायचं नाही. मला बोलल्याशिवाय चालता येत नाही, हे मला तिथे कळलं.

मी लंगडत भराभर पाय टाकतोय हे बघून भंते थांबले. ‘कायले घाई करता जी, उपासक? चालणं हेच ध्यान आहे. पाय उचलला हे ध्यानात ठेवा, ठेवला हे ध्यानात ठेवा.’ मी म्हटलं, ‘भंते, माझ्या ध्यानात फक्त टाच आहे, तिला फोड आलाय.’ ते खुदकन हसले. चिडावं असा तो माणूस नव्हता, आणि मला चिडायचं होतं, हीच पंचाईत.

गावात शिरताना भंतेंनी झोळीतून पात्र काढलं. राजूनेही काढलं.

आमच्या विहारात भिक्खूंना लोक आदराने बोलावतात, चटईवर बसवून वाढतात. दारोदार फिरून घ्यायचा पिंडपात, म्हणजे भिक्षा, आम्ही कुणी बघितलेला नव्हता. कमिटीने या भंतेंना हात जोडून सांगितलंही होतं की आपल्या लोकांत हे नको. भंते म्हणाले, बुद्धाचा पुत्र पात्र घेऊनच चालतो. त्यांचं खरं असेल. पण माझे वडील गावकीची कामं करायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागायचे. लहानपणी मी त्यांच्या मागे टोपली धरून उभा असायचो. बायका हात उंच करून वरून भाकर टाकायच्या, टोपलीला बोट लागू नये म्हणून. कधी ती टोपलीत पडायची, कधी धुळीत. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी वडिलांनी ती टोपली चुलीत घातली आणि जळून राख होईपर्यंत समोर बसून राहिले. त्यांनी मला शिकवलं, मी राजूला शिकवलं. आणि तो डिप्लोमावाला राजू माझ्या डोळ्यांदेखत राईतल्या एका कौलारू घरासमोर पात्र घेऊन उभा राहिला. घर जुन्या जमीनदार शेतकऱ्याचं होतं, ओटीवरूनच कळत होतं.

दोघं काही मागत नव्हते. नुसते खाली बघत उभे होते. आतून नऊवारी नेसलेली एक म्हातारी आली, बघून परत आत गेली. मला वाटलं, सुटलो. पण ती हात धुऊन, पदराला पुसत बाहेर आली. हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची भाजी. ओटीच्या पायऱ्या उतरून खाली आली, दोन्ही हातांनी भाकर पात्रात ठेवली आणि जमिनीला हात लावून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळली.

‘ह्यो पोर तुजा हाय?’

‘कशावरून?’

‘तू त्याच्याकरं बगतंस कसा, त्यावरशी.’

मी मान हलवली. ती म्हणाली, ‘आता घरा येवाचा न्हाय?’

‘ते अजून ठरायचंय,’ मी म्हटलं.

‘माजे दोन पोर हायेत. घरानच हायेत. पन जमीन इकली तवापासना माज्याशी धर बोलत न्हाय. एक वर ऱ्हातो, एक खाली ऱ्हातो. मी मदी.’ तिने घरामागे बोट दाखवलं. भातशेतीत भराव टाकून चार मजली सांगाडा उभा राहिला होता. ‘तुजा निदान तुज्या म्होरं चालतो हाय.’

मला तिचं बोलणं त्या वेळी काही लागलं नाही. माझं सगळं लक्ष पात्रातल्या भाकरीवर होतं.

मुक्कामाच्या घरी दोघांनी बाराच्या आत जेवण उरकलं. दुपारी राजू ओसरीवर एकटा बसलेला दिसला, तेव्हा मी जाऊन त्याला विचारलं, ‘आजोबांची टोपली तुला माहीत आहे ना?’

‘माहीत आहे.’

‘मग हे काय चाललंय?’

हल्ली तो बोलायच्या आधी थांबायला लागला होता. ‘आजोबांना ते दार सोडता येत नव्हतं, उपासक. ती भाकर नाही मिळाली तर घर उपाशी राहायचं. मी मागत नाही. दिलं तर घेतो, नाही दिलं तर पुढे जातो. आणि ज्यांनी वरून टाकली, त्यांच्या दारात मला मान वर न करता, पण भीतीही न बाळगता उभं राहता येतं का, ते मला बघायचं होतं.’

उत्तर चांगलं होतं. मला पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही.

संध्याकाळी खाडीवरून डासांची फौज आली. मी दंडावरचा एक डास चापट मारून संपवला, तर अंधारातून गायकवाडबाई म्हणाल्या, ‘कांबळेभाऊ, पहिलं शील.’ मी म्हटलं, ‘बाई, तो माझं रक्त पीत होता.’ त्या म्हणाल्या, ‘त्याने शील घेतलं नव्हतं. तुम्ही घेतलंय.’ मी चादर डोक्यावरून घेतली.

काशीगाव

दुसऱ्या दिवशी उलट पूर्वेला, काशीगावला जायचं होतं. वाट नेमकी आमच्या बिल्डिंगवरून गेली. गॅलरीत सुमनने लावलेली गवती चहाची कुंडी खालून दिसत होती. मी राजूकडे बघत होतो. त्याने मान वर केली नाही. पाय उचलला, पाय ठेवला, पुढे गेला. मला वाटलं, सुमन त्या गॅलरीत उभी असती तर तिने वरून हाक मारली असती, आणि मग बघितलं असतं ध्यान कसं टिकतं ते.

मी बाईंना सांगून मागे राहिलो. माझा एक बेत होता. राजूला आईच्या हातचं सुक्या बोंबलांचं कालवण फार आवडायचं, कोकम आणि बटाटा घातलेलं. सुमनच्या शेवटच्या वर्षात स्वयंपाक मीच करायचो, ती खाटेवरून सूचना द्यायची, त्यामुळे हात बसला होता. म्हटलं, काशीगावला बाराच्या आत डबा पोचवायचा. सगळी वचनं, सगळी शीलं एका बाजूला आणि ते कालवण एका बाजूला. मी हा प्रवास जिंकणार असलो तर त्या डब्यावर जिंकेन असं मला खरोखरच वाटलं होतं.

घरी आलो तर नळाला पाणी नाही, पिंप कोरडं. खाली वॉचमनला विचारलं, ‘टँकर कब आएगा?’

‘बस, आ रहा है अंकल, फाटक पे है.’

मीरा रोडमध्ये टँकर कायम फाटकावरच असतो. तो येईपर्यंत मी बोंबील साफ करून ठेवले, कांदा चिरून ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसलो. शेवटी सेक्रेटरींच्या घरातून दोन कळशा उसन्या आणल्या, कालवण केलं, भात केला, डबा भरला आणि रिक्षा शोधायला धावलो. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नव्हती. मी चौघांचे पैसे देतो म्हणालो तेव्हा हलली, आणि हायवेच्या अलीकडे ट्रकच्या रांगेत अडकली.

काशीगावात डोंगराच्या पायथ्याला एका शाळेच्या पडवीत सगळे बसले होते. मी डबा घेऊन धापा टाकत गेलो तेव्हा भंते पात्र धुऊन पुसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. बारा वाजून गेले होते. मध्यान्ह टळली की भिक्खूला दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत अन्न वर्ज्य.

मी तरी झाकण उघडलं. वास सुटला. राजूने डोळे मिटले. क्षणभर त्याचा गळा हलला, ते मी बघितलं. मग डोळे उघडून तो म्हणाला, ‘उपासक, वेळ टळली.’

‘दोन घास, राजू. कोण बघतंय?’

‘मी बघतोय,’ तो म्हणाला. आवाज कडक नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मी डबा घेऊन शाळेच्या मागे गेलो आणि पायरीवर बसून रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, मांडीवर बोंबलाचा डबा. गायकवाडबाई आल्या, जवळ बसल्या नाहीत, थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘अन्न फुकट घालवू नका. जेवा.’ मी जेवलो. चांगलं झालं होतं, मीठ जरा जास्त पडलं होतं.

घोडबंदर

तिसऱ्या दिवशी घोडबंदरवरून हायवेने खाडीच्या पुलावर आलो. खाली खाडीचं पाणी पसरलेलं, रेतीच्या होड्या, पलीकडे वसईच्या बाजूचे डोंगर. ट्रक गेला की पूल थरथरायचा. भंते आणि बाई बरेच पुढे गेले होते, मुद्दामच गेले असावेत. राजू कठड्याशी थांबला. या प्रवासात पहिल्यांदाच तो आपणहून थांबला.

‘तुम्हाला एक सांगायचंय,’ तो म्हणाला. ‘तुम्ही नाही म्हणालात तर मी चीवर उतरवून घरी येईन. कारखान्यात परत घेतील, मी विचारलंय. मनात राग ठेवणार नाही.’

मला हेच ऐकायचं होतं. दीड वर्ष मी याच्यासाठी झुरलो होतो. पण ते ऐकताना आनंद झाला नाही. तो खरं बोलत होता, आणि त्यानेच भीती वाटली. तो घरी येईल. वेळेवर उठेल, कामावर जाईल, येताना माझ्या गोळ्या आणेल, समोर बसून जेवेल, एका शब्दानेही तक्रार करणार नाही. राईची म्हातारी मला त्या पुलावर आठवली. एक वर ऱ्हातो, एक खाली ऱ्हातो.

‘आणि हो म्हणालो तर?’

तो खाडीकडे बघत राहिला. ‘तरी माझं अडतंच. आईने हॉस्पिटलमध्ये माझ्याकडून वचन घेतलं होतं. मी विहारात बसून असायचो ते तिने हेरलं होतं. म्हणाली, भिक्खू-बिक्खू होऊ नकोस, तुझ्या बाबांना एकटं टाकू नकोस. मी हो म्हटलं.’

हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, ‘मग मोडलंस की वचन.’

‘अजून मोडलं नाही. श्रामणेराला कधीही परत फिरता येतं. म्हणून दीड वर्ष इथेच अडकलोय. तुम्हाला विचारता येईल. तिला कुठे विचारू?’

मला सुमनचा राग आला. मग तिची इतकी आठवण आली की कठडा धरावा लागला. शेवटच्या दोन दिवसांत ती बोललीच नव्हती. डोळेसुद्धा उघडले नव्हते. मी, राजू आणि गायकवाडबाई आळीपाळीने ओठांना पाणी लावत होतो आणि तिच्या मनात एवढीच एक काळजी होती, की मला चहा कोण करून देणार. राजूने हात पुढे केला, बहुतेक माझ्या खांद्यावर ठेवायला, आणि मागे घेतला. ‘चला, उपासक,’ तो म्हणाला.

पलीकडे उतरल्यावर एका पाड्यावर मुक्काम केला. तिथल्या माणसांनी रताळी उकडून दिली, ती आम्ही उपासकांनी खाल्ली आणि भिक्खूंनी गूळपाणी घेतलं. त्या दिवशी मी डास मारले नाहीत. त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

सोपारा

सोपाऱ्याचा स्तूप म्हणजे विटांचा एक मोठा उंचवटा, भोवती ताडाची झाडं आणि थोड्या अंतरावर नव्या चाळी. ज्याला इतिहास माहीत नाही तो जुनी भट्टी समजून पुढे जाईल. एकेकाळी इथे जहाजं लागायची आणि इथून धम्म समुद्रापार गेला असं म्हणतात. चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा तिथे शेळ्या चरत होत्या. पौर्णिमेच्या सकाळी मात्र पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली होती आणि बाजूच्या मैदानात पंचरंगी पताकांनी सीमा आखली होती. चार ठिकाणांहून भिक्खू आले होते. ते सीमेच्या आत बसले, आम्ही बाहेर. सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील घेतलं. गायकवाडबाईंचा आवाज सगळ्यांत खणखणीत.

मग राजू हात जोडून संघासमोर उकिडवा बसला. भंतेंनी पालीतून प्रश्न विचारले, आम्हाला कळावं म्हणून मराठीतूनही. माणूस आहेस का? होय भंते. कुणाचा दास, कुणाचा कर्जदार आहेस का? नाही भंते. आणि मग ते माझ्याकडे वळले. ‘उपासक, बापाची अनुज्ञा आहे काय?’

मी उभा राहिलो. रात्रभर विचार करून मी एवढंच ठरवलं होतं की निदान मी तरी त्याच्या वाटेत उभा राहायचं नाही. जिवंतपणी तोंडं फिरवून एका घरात राहण्यापेक्षा त्याने पुढे चालावं आणि मी मागून बघावं. ते मला आवडलं होतं असं नाही. पण दुसरं काही दिसत नव्हतं.

‘आहे,’ मी म्हटलं.

भंतेंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात राजू म्हणाला, ‘भंते, आईची नाही.’

‘माय तर राहिली नाही. गेलेल्या माणसाची अनुज्ञा नियमात लागत नाही.’

‘ती असताना नाही म्हणाली होती. मी तिला शब्द दिलाय. मला वाटलं होतं, इथे बसल्यावर मन मोकळं होईल. होत नाही.’ आणि तो खांद्यावरचं चीवर सावरत उठायला लागला.

मी नुसता गप्प राहिलो असतो तरी माझा मुलगा त्या संध्याकाळी माझ्याबरोबर घरी आला असता. मला एक शब्दही बोलायचा नव्हता. माझी अनुज्ञा मी देऊन बसलो होतो, कुणी मला बोल लावला नसता. गॅलरीतली कुंडी, दोन ताटं, सकाळचा चहा, सगळं माझ्या पदरात पडत होतं. आणि सुमनलाही तेच हवं होतं.

‘बस खाली,’ मी म्हटलं. ‘तिने नंतर मला सांगितलं होतं.’

राजूने माझ्याकडे बघितलं. भंतेंनीही.

‘शेवटच्या दिवशी तू आंघोळीला घरी गेला होतास. तेव्हा तिने डोळे उघडले. म्हणाली, मी उगाच अडवलं पोराला. त्याला सांगा, माझी ना नाही. तू दहा दिवसांसाठी गेलास, मला वाटलं परत आलास की सांगू. तू आलाच नाहीस.’

राजू माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होता. लहानपणापासून त्याला माझं खोटं ओळखता येतं. माझी नजर ढळणार, तेवढ्यात माझ्या मागून खणखणीत आवाज आला.

‘मी होते तिथे. पाणी पाजत होते त्यांना. माझ्या कानांनी ऐकलंय.’

गायकवाडबाई. पांढरा पदर डोक्यावरून घेऊन उभ्या होत्या. राजू घरी गेला होता तेव्हाही सुमनने डोळे उघडले नव्हते, हे माझ्याखेरीज जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस राजूच्या डोळ्याला डोळा देऊन उभं होतं. पंचशील घेऊन तासही झाला नव्हता.

राजू पुन्हा उकिडवा बसला. त्याने ओंजळीत तोंड लपवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो रडत होता. आईच्या मृत्यूनंतर मी त्याला पहिल्यांदाच रडताना बघत होतो. मला सीमा ओलांडून आत जाता येत नव्हतं. मग त्याने डोळे पुसले, हात जोडले, आणि पुढचं सगळं पालीतून पार पडलं.

तो भिक्खू होऊन सीमेबाहेर आला तेव्हा मी गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. त्याच्या पायांना चार दिवसांच्या चालण्याने भेगा पडल्या होत्या. तो म्हणाला, ‘सुखी व्हा, उपासक.’ आणि मग, इतक्या हळू की बाकी कुणाला ऐकू गेलं नाही, ‘गोळ्या वेळेवर घ्या.’ दुसऱ्या दिवशी तो भंतेंबरोबर उत्तरेकडे निघून गेला. त्यानंतर मला तो भेटलेला नाही.

परतताना मी आणि गायकवाडबाई गाडीने आलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या, मी समोर. खाडीचा पूल आला तेव्हा मी म्हटलं, ‘बाई, तुम्ही कशाला बोललात?’ त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, ‘तुमच्या एकट्याचं त्याला पटलं नसतं.’

दर रविवारी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये वंदना होते. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. सगळे मिळून पंचशील म्हणतात. पहिलं, दुसरं, तिसरं मी मोठ्याने म्हणतो. चौथं येतं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, तेव्हा माझा आवाज बंद होतो. ते म्हणायचं तर त्या दिवसाचा पश्चात्ताप व्हायला हवा, आणि तो मला होत नाही. त्याच वेळी बायकांच्या बाजूचा एक खणखणीत आवाजही बंद होतो. पाचव्या शीलाला आम्ही दोघंही पुन्हा म्हणायला लागतो.